उसना आवाज

कला अमर आहे. कलावंत जातो, कला राहते. देह मातीत जातो आणि सूर आभाळात.

हे वाक्य प्रभाकररावांनी टेबलावर मूठ ठेवून उच्चारलं, मग चष्मा लावला आणि मुंबईहून आलेल्या परिपत्रकाचा पुढचा परिच्छेद वाचला. कला अमर होती, पण कलावंताच्या मरणानंतर पन्नास वर्षं. त्यापुढे ती कुणीही उचलून न्यावी.

"पन्नास वर्षं म्हणजे आपल्या पेन्शनीच्याही पलीकडे," ते म्हणाले. "तेव्हा परवानगी घ्यावीच लागेल."

हा १९५८ सालचा उन्हाळा. वर्ध्याला आमचं एक सरकारी पथक होतं, ग्रामप्रबोधन चित्रध्वनी पथक. पथक लहान होतं म्हणून नाव मोठं ठेवलं होतं. प्रभाकरराव प्रमुख. मी निवेदन लिहिणारा आणि टेपरेकॉर्डर चालवणारा. हरिदास जीप चालवणारा आणि जीप चालत नसेल तेव्हा मॅजिक लॅन्टर्न चालवणारा. गावोगाव चादर टांगायची, तिच्यावर काचेच्या रंगीत स्लाइडा दाखवायच्या आणि त्यांच्या जोडीला कर्ण्यातून गाणं नि निवेदन सोडायचं, हे आमचं काम. आमची सगळ्यात गाजलेली चित्रमाला नारूच्या रोगावर होती. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येतोय, आणि वर कर्ण्यातून सिनेमातलं विरहाचं गाणं. लोक गाण्यासाठी येत आणि जंत बघून जात. प्रबोधन असंच होतं.

नव्या कायद्याने हे बंद पडलं. रेकॉर्डवरचं गाणं चित्रांबरोबर वाजवायचं तर मालकाची परवानगी हवी. प्रभाकररावांनी दोन कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीने उत्तर दिलं नाही. दुसरीने दिलं, आणि ते वाचून प्रभाकररावांनी पंखा मोठा करायला सांगितलं. आमच्याकडे पंखा नव्हता.

उरलं एकच गाणं. आदल्या वर्षी अल्लीपूरला मी सीताबाई नावाच्या म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या होत्या. तिच्या स्वतःच्या होत्या त्या, दळता दळता जुळवलेल्या.

भरते मी पाणी बाई, पदरानं गाळते
लेकराच्या पायासाठी थेंब थेंब न्याहाळते

गावची विहीर तिला आयुष्यभर बंद होती. नाल्याचं पाणी भरणाऱ्या बाईला गाळण्याचं महत्त्व सरकारने सांगायची गरज पडली नव्हती. नारूच्या स्लाइडांवर या ओव्या बसवल्या तर कुठल्याही कंपनीची मिनतवारी नको. सिंदी रेल्वे या गावी आमचा कार्यक्रम बघायला मुंबईचे उपसंचालक येणार होते. त्याआधी म्हातारीची परवानगी आणायची, एवढंच काम होतं.

अल्लीपूरला पोचलो तेव्हा दुपार टळटळीत होती. अशा दुपारी आमच्याकडचं गाव रिकामं वाटतं. दारं लोटलेली, झाडं थिजलेली, आणि ऊन इतकं पांढरं की त्यात रात्रीपेक्षा कमी दिसतं. सीताबाईचं घर गावाच्या टोकाला होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तिची मुलगी जिजाबाई तूरडाळ निवडत बसली होती. नवरा हिंगणघाटच्या मिलमध्ये, सुटीला यायचा. आतल्या खोलीतून जात्याची घरघर येत होती आणि तिच्यावर सीताबाईचा आवाज. मी लगेच ओळखला. महिनाभर तो आवाज कानाला लावून मी स्लाइडा जुळवल्या होत्या.

"सीताबाई घरी आहेत ना?" प्रभाकररावांनी टोपीने वारा घेत विचारलं.

"आहे नं जी," जिजाबाई म्हणाली. "पण वारली."

प्रभाकररावांची टोपी थांबली. आतली घरघर चालू होती.

"कधी?"

"मागच्या पोळ्याच्या अंगानं. ताप आल्ता."

"मग आत दळतंय कोण?"

"आईच."

हरिदासला एकदम आठवलं की जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी बघायचं राहिलं आहे. तो गेला.

प्रभाकररावांनी आवाज खाली आणला. "म्हणजे हे... भूत आहे का?"

जिजाबाईला राग आला. "भूत-बीत आमी मानत नाई साहेब. दीक्षा घेतली तवाच सोडलं ते सारं. आई आहे."

मी दारातून आत डोकावलो. खोली झाडलेली होती. जात्याचा वरचा दगड खालच्यावर नव्हताच; तो भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या भोकात कोळ्याने जाळं विणलं होतं. घरघर मात्र त्या दगडापासून हातभर अंतरावर, मोकळ्या जमिनीतून येत होती. ओवी संपली की थोडी थांबत होती, मूठभर जवारी घालायला लागतो तेवढा वेळ, आणि पुन्हा सुरू होत होती. मी डोकं बाहेर काढलं.

"पीठ मी चक्कीवरून आणते," जिजाबाई सांगत होती. "सांगतलं तिले, माय आता बस कर. ऐकन तं आई कायची. दुपार झाली का बसते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आईचं काय भेव? जित्ती होती तवा वाटे." तिने डाळीतला खडा उचलून दाराबाहेर टाकला. "दुपारचं घर खायले उठते, साहेब. चिटपाखरू नसते. ती दळत असली का बरं वाटते, कोणीतरी आहे म्हून."

प्रभाकररावांनी घसा साफ केला आणि कायदा समजावून सांगितला. तो त्यांनाही नुकताच कळला होता, त्यामुळे वेळ लागला. जिजाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आईचं गाणं लोकाइले ऐकवता?"

"हो. चित्रांबरोबर. पण तुमची संमती असेल तर. वारस म्हणून."

"ऐकवा नं मग. तिले आवडन. जित्तेपणी कोणी ऐकलं तिचं?"

प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. तिने मांडी घालून, कागद पाटावर ठेवून, नाव लिहिलं. सही झाली. आम्ही तेवढ्यावर उठलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण प्रभाकररावांचा कागदावर विश्वास नव्हता, कारण ते रोज कागद लिहीत.

त्यांचे वडील सिंदीला कापसाचे व्यापारी. त्यांच्या घरात एकच व्यवहार पक्का समजत: देणाऱ्याने तळहातावर पाणी घेऊन, वस्तूचं नाव घेऊन, ते पाणी खाली सोडायचं. गाय, शेत, घर, काहीही. पाणी सुटलं की हक्क सुटला. मग देणाऱ्याचा सात पिढ्या संबंध नाही.

"तेवढं करून टाका," प्रभाकरराव म्हणाले. "उद्या कोणी विचारायला नको."

जिजाबाई हसली. "आमी ते बी सोडलं जी. विधी-गिधी नाई करत."

"हा विधी नव्हे. ही कार्यवाही आहे."

"असं व्हय." तिने तांब्या उचलला, मग थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "माह्या घरचं पाणी चालन का पण? का तुमच्या थर्मासातलं घेऊ?"

माझी नजर छपराकडे गेली. छप्पर बघण्यासारखं होतं.

"कार्यवाहीला चालतं," प्रभाकरराव म्हणाले.

मी टेपचा पत्र्याचा डबा पुढे धरला. तिने तळहातावर पाणी घेतलं आणि प्रभाकररावांनी सांगितलेलं वाक्य त्यांच्यामागून म्हटलं: आईचा आवाज, आईचं गाणं, आजपासून सरकारला दिलं. आत सीताबाई म्हणत होती, "लेकराच्या पायासाठी थेंब—"

पाणी डब्यावर पडलं आणि आतला आवाज तिथेच तुटला.

सिंदीला जिनिंगचं इंजिन बंद पडलं की सबंध गाव क्षणभर बहिरं झाल्यासारखं होतं. तसं झालं. जिजाबाईचा हात अजून हवेत होता, ओला. ती आतल्या दाराकडे वळली.

"आई?"

काही नाही.

"माय वं?"

मग तिने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. प्रभाकरराव तोवर जीपपाशी पोचले होते.

परतताना डबा माझ्या मांडीवर होता आणि तो गरम होता. वैशाखात सगळंच गरम असतं, असं मी स्वतःला सांगितलं. हरिदास मात्र पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.

"गाडी जड चालून राह्यली," तो म्हणाला.

"रस्ता कच्चा आहे," प्रभाकरराव म्हणाले.

"येतानी बी कच्चाच होता जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कचेरीतलं लोखंडी कपाट दळू लागलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. कपाटाला कुलूप होतं, आत टेपचा डबा होता, टेपरेकॉर्डर टेबलावर उघडा, त्याची वायर गुंडाळलेली. आणि कपाटात दगडावर दगड फिरत होता. ओवी होती, पण टेपवरची नव्हती. तिच्यात वर्ध्याच्या कचेरीत ऊन येत नाही, वारा येत नाही, कोंबडं येत नाही, असं काहीसं होतं. ती बारीक तक्रार मला आमच्या सगळ्यांचीच वाटली.

प्रभाकररावांनी तोंड न वळवता सांगितलं, "यांत्रिक आवाज आहे. उन्हाने पत्रा वाजतो."

"पत्रा सुरात हाय," हरिदास म्हणाला.

आवाज थांबल्यावर कपाटाखाली पांढरी रेघ दिसली. हरिदासने चिमटीत घेऊन पाहिलं. जवारीचं पीठ, कोमट, अगदी बारीक. असं पीठ चक्कीवर मिळत नाही, असं त्याने जाणकारासारखं सांगितलं आणि मग हात धोतराला पुसत बाहेर गेला, तो संध्याकाळपर्यंत आला नाही. पीठ मी झाडून काढलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा होतं. प्रभाकररावांनी यावर प्रशासकीय उपाय केला: दुपारची सुट्टी लांबवली, म्हणजे त्या वेळी कचेरीत कुणी नसेल आणि जे कुणी ऐकलं नाही ते घडलं नाही.

मी एकदा माझी छत्री विसरलो आणि परत आलो. कपाट दळत होतं. मी टेबलाखालून छत्री घेतली, आणि घरघर थांबली.

"जिजे," कपाट म्हणालं.

रागाने नाही. चुलीपाशी बसलेल्या लेकीला हाक मारावी तशी. मग गप्प झालं. हाक मारून उत्तराची वाट बघणारं माणूस गप्प असतं तसं. त्या शांततेत कुणीतरी कान देऊन बसलेलं होतं, आणि मी एवढा जवळ उभा होतो की माझा श्वास तिला ऐकू जात असणार.

"जिजे. वं."

माझ्या तोंडातून 'ओ' निघणार तेवढ्यात मागून हरिदासचा हात माझ्या तोंडावर आला. तो त्याची विडी विसरला होता. त्याने मला तसंच ओढत बाहेर नेलं.

"देऊ नका," तो म्हणाला. "तुमी ओ देली तं तुमालेच घरचं समजन."

पुढल्या दिवसांत हाका वाढल्या आणि दळण कमी झालं. मग पीठ जाड पडू लागलं. मग दळण नुसतंच दळण राहिलं, ओवीशिवाय. ते ऐकायला जास्त वाईट होतं.

जिजाबाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एस.टी.ने आली. चेहरा उतरला होता. ती कचेरीच्या व्हरांड्यात, बाकावर न बसता, खाली बसली आणि प्रभाकरराव बाहेर येईपर्यंत तिथेच थांबली.

"आई घरी येत नाई, साहेब."

"आता त्या... म्हणजे तो आवाज सरकारकडे आहे, जिजाबाई. तुम्ही स्वतः दिलात."

"गाणं ऐकवाले देल्तं. आई थोडीच देल्ती."

"पाणी सोडलंत ना?"

"तुमी सोडाले लावलं." ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "दुपारी मी डाळ निवडते, भांडे घासते, झाडते, पुन्हा झाडते. झाडाले काई राह्यलं नाई आता घरात. मले माही माय वापस पायजे. दुसरं काई नाई मांगत मी तुमाले."

प्रभाकरराव काही बोलणार तेवढ्यात दुपार झाली. आतून दगड फिरला. जिजाबाई उठून सरळ कपाटापाशी गेली आणि पत्र्यावर हात ठेवला.

"माय."

घरघर थांबली.

"जिजे? कोठी गेलती वं? केवढ्या हाका मारल्या."

"अठीच होती," जिजाबाई म्हणाली. "नेते तुले घरी."

मी प्रभाकररावांकडे पाहिलं. ते चांगले गृहस्थ होते; फक्त त्यांना ते लेखी कळवावं लागे. ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या चष्म्यावर धूर बसल्यासारखा घाम बसला होता. ते हळूच आपल्या खुर्चीत बसले, कायद्याची प्रत काढली आणि वाचू लागले, ओठ हलवत. वर्ध्यात त्या दुपारी तो कायदा एवढ्या भक्तीने दुसरं कुणी वाचत नसावं.

"दोन प्रकार आहेत," शेवटी ते म्हणाले. "एकात मालक आपला हक्कच देऊन टाकतो. तो गेला. दुसऱ्यात हक्क मालकाकडेच राहतो, आपल्याला फक्त वापरायची मोकळीक मिळते, ठरल्या कामापुरती, ठरल्या वेळेपुरती. परिपत्रकात दुसरा प्रकार मागितला होता. मी पाणी सोडायला लावून पहिला करून ठेवला."

"उसनं म्हना नं," कपाटाला टेकून जिजाबाई म्हणाली. "शेजारणीले वाटीभर पीठ उसनं देतो तसं."

"कायद्यात तो शब्द नाही."

"मंग कायद्यात उसन्याले काय म्हंतात?"

"परवाना."

"तो द्या मंग. म्हंजे मी देते. पयले माही वस्तू मले वापस करा."

इथे खरी अडचण होती. सरकारची वस्तू सरकारी नोकर परत कशी करणार? मोडकी असेल तर निकालात काढता येते; ही तर दुपारभर चालत होती. प्रभाकररावांनी कपाळ चोळलं. मग त्यांना वाट सापडली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"ती नोंदवलेलीच नाही," ते म्हणाले. "टेप नोंदवली आहे, डबा नोंदवला आहे. सीताबाई कुठेच नोंदवलेल्या नाहीत. जे आलेलंच नाही ते गेलं तर तूट येत नाही."

जिजाबाईने पिशवीतून प्रवासाचा तांब्या काढला. या वेळी कुणी काही विचारलं नाही. प्रभाकररावांनी हात पुढे केला, तिच्या तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि सरकारतर्फे सीताबाईचा आवाज तिच्या लेकीला परत दिला. पाणी जिजाबाईच्या ओंजळीत पडलं. कपाटातून एक लांब श्वास ऐकू आला, डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर बायका सोडतात तसा. आणि कपाट नुसतं कपाट झालं.

"आता मागा," जिजाबाई म्हणाली.

"काय?"

"उसनं असंच भेटते का? मागा लागते."

प्रभाकरराव उभे राहिले. आयुष्यात ते कुणाच्या दारी वाटी घेऊन गेले नव्हते. त्यांच्या घरचं कुणी जिजाबाईच्या वस्तीत काही मागायला जाणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी कपाट उघडून टेपचा रिकामा वाटणारा डबा दोन्ही हातांत वाटीसारखा धरला.

"जिजाबाई," ते म्हणाले, "उद्या सिंदीला आमच्याकडे पाहुणे आहेत. आमच्याकडे गाणं नाही. थोडं... उसनं मिळेल का?"

"घेऊन जा," ती शेजारणीसारखं म्हणाली. "पण मी संग येते. अन् काम झालं का तुमी सोता तिले घरापरेंत आणून सोडजा."

सिंदीला कार्यक्रम एका जिनिंगच्या गोदामात ठेवला होता. हंगाम संपलेला, यंत्रं झाकलेली, झरोक्यांना तरटं लावून दिवसाच अंधार केलेला. वासे, साखळ्या, कोपरे, सगळीकडे कापसाचे तंतू लोंबत होते आणि कुणी श्वास घेतला तरी हलत होते. गाव जमलं होतं. पुढे खुर्चीवर उपसंचालक, पांढऱ्या बुशशर्टात. जिजाबाई बायकांत बसली होती. तिच्या शेजारची एका माणसाची जागा कुणीच घेतली नव्हती, गर्दी असूनही.

हरिदासने लॅन्टर्न लावला. चादरीवर नाल्याकाठचा पाय उमटला. मी टेपरेकॉर्डरची कळ दाबली. रिळं फिरली. कर्ण्यातून नुसती खरखर आली.

मी आवाज वाढवला. खरखर वाढली. टेप कोरी होती. ज्या टेपवरून मी महिनाभर एकेक शब्द मोजून स्लाइडा लावल्या, ती बाजारातून आणल्यासारखी कोरी. बरोबरच होतं, आम्ही सगळं परत केलं होतं. प्रभाकररावांनी अंधारात माझा दंड धरला.

बायकांतून जिजाबाई हळूच म्हणाली, "म्हन, माय."

गोदामाच्या पार मागच्या टोकाला, जिथे कापसाच्या गठड्यांपलीकडे काहीच नव्हतं, तिथे दगड फिरू लागला. मग ती गायली. कर्ण्यातून नाही. मागून, अंधारातून, आमच्या मानांवरून चादरीकडे. लॅन्टर्नच्या उजेडात तरंगणारे तंतू सगळे एका दिशेला वळले.

भरते मी पाणी बाई, पदरानं गाळते

कुणी मागे वळून पाहिलं नाही. शे-दोनशे माणसं माना ताठ ठेवून नारूचा जंत बघत होती. हरिदास ओवी संपेल तशी स्लाइड बदलत होता. तो मागे बघू नये म्हणून डोळे मिटून बदलत होता आणि तरी एकही चुकली नाही. माझ्या निवेदनाला मधे जागाच आली नाही, आणि ते बरं झालं. ती कितीतरी ओव्या म्हणाली ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या: बंद विहिरीच्या, नाल्याच्या, भर उन्हात डोक्यावर घागर घेऊन उभं राहण्याच्या. एक बाई रडायला लागली. मग दगड सावकाश होत थांबला.

तरटं काढली. उजेडात मागच्या गठड्यांवर पांढरा थर होता. लोकांनी तो कापूस समजायचं ठरवलं.

उपसंचालक फार खूश होते. "आवाज मागून सोडण्याची कल्पना उत्तम," ते प्रभाकररावांना म्हणाले. "खरीच बाई बसली आहे असं वाटतं. हक्कांचं सगळं नीट केलंत ना?"

"उसनं आहे," प्रभाकरराव म्हणाले.

"म्हणजे?"

"परवाना."

अल्लीपूरला परत निघालो तेव्हा दुपार कलायला लागली होती. मागच्या सीटवर जिजाबाई एका कडेला अंग चोरून बसली होती, शेजारी जागा सोडून. हरिदास प्रत्येक खड्ड्याआधी गाडी थांबल्यासारखी करत होता. गाडी जड चालली आहे की हलकी, हे मी त्याला विचारलं नाही.

"आहे का जी ती?" वाटेत जिजाबाईने एकदाच विचारलं. "तुमाले काई ऐकू येते का?"

आम्हाला इंजिन ऐकू येत होतं.

घर बंद होतं तसंच होतं. तिने कडी काढली, आत गेली, आतल्या खोलीत जाऊन भिंतीशी बसली. मी ओसरीवर थांबलो. प्रभाकरराव मात्र आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले, टोपी हातात घेऊन, आणि तिथेच उभे राहिले. वस्तू स्वतः पोचवायची असं ठरलं होतं. जात्याचा वरचा दगड भिंतीला टेकलेला. जाळं तसंच. जमीन गप्प.

जिजाबाईने विचारलं, "आई?"

बाहेर हरिदासने इंजिन बंद केलं. गाव रिकामं, ऊन तिरपं. वेळ गेला. जिजाबाईचे खांदे हळूहळू खाली येत गेले. दळायला बसायची रोजची वेळ निघून गेली होती; आणि मला वाटलं, सिंदीच्या अंधारात ज्या ओव्या सांडल्या त्या शेवटच्या असतील, तिने होतं तेवढं सगळं त्या गोदामात ओतून टाकलं असेल. प्रभाकररावांना तेच वाटलं असावं. ते पुटपुटले, "आम्ही नीट आणलं होतं हो. अगदी हळू आणलं."

मग मोकळ्या जमिनीवर, जात्यापासून हातभर अंतरावर, काहीतरी सरकलं. दाणे सुपात घ्यावेत तसा आवाज झाला. जिजाबाईने मान वर केली. प्रभाकररावांनी उंबऱ्याची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि दार भरून उभे राहिले.

आणि अगदी जवळून, घरच्याच आवाजात, सीताबाई बोलली.

"जिजे, त्या साहेबाले म्हन, दारातून जरा बाजूले सरक. उजेड अडून राह्यला."